सौरभ पासआऊट झाला

६ जानेवारी, सोमवार
शाळेतली नोकरी सोडून क्लास काढला, तो शहाणपणा होता की माज, हे अजून ठरत नाही. बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्यावरची खोली. खाली मोटर चालू करून बघतात तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. बोर्ड मात्र ठसठशीत, माझ्याच नावाचा: 'उत्कर्षा स्पोकन इंग्लिश'. संध्याकाळी शिफ्ट सुटली की दूध डेअरीतली पोरं मोटरसायकलवरून येतात, दोन दिवस बसतात, तिसऱ्या दिवशी ओव्हरटाइम लागतो. उरतात तेवढ्यांना घेऊन मी मोठ्या उत्साहात शिकवते. राहत्या खोलीवर आले की तो उत्साह कुठं जातो कोण जाणे.

आप्पांचा फोन होता. "पोरी, चाललंय का न्हाय?" म्हटलं, चाललंय. "न्हाय चाललं तर शाळेवाल्यांच्या पाया पडायला मी येतो." हा धीर की दटावणी, तेच कळत नाही. वडील असेच आहेत आमचे.

१० जानेवारी, शुक्रवार
आजपासून फ्रेझल व्हर्ब घेतले. मलाच त्यांची भीती वाटते. क्रियापद ओळखीचं, मागं लावलेलं शेपूट ओळखीचं, आणि दोन्ही मिळून अर्थ भलतीकडं पळतो. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, आणि गिव्ह अप म्हणजे सोडून देणे.

डेअरीत पिशव्यांच्या मशीनवर असणारा सिद्धू म्हणाला, "म्याडम, ही तर फसवणूक हाय."

मी म्हटलं, आपल्याकडंही आहे की. 'चूक करून बसलो' म्हणता, तेव्हा कुठं बसलेले असता का? 'सांगून टाकलं' म्हणता, म्हणजे काय खाली टाकता? सगळे हसले. मग मी रुबाबात सांगितलं, "प्रत्येक अर्थ पाठ करायची गरज नाही. पुढचं-मागचं वाक्य बघायचं, अर्थ आपोआप लागतो."

क्लास बरा झाला. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१९ जानेवारी, रविवार. वरकुटे
घरी आले. सौरभचा व्हिडिओ कॉल झाला. माझा धाकटा भाऊ, नर्सिंग करून आयर्लंडला गेलाय. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या सेवाघरात कामाला आहे, आणि मंगळवारी त्याची परीक्षा आहे. कामाच्या जागीच घेतात, निकाल लगेच. पास झाला की कायम.

वाळलाय. आई म्हणाली तर म्हणतो, "हितला उजेडच तसला हाय, आई. समदी पांढरी दिसत्यात." जाडजूड म्हाताऱ्यांना उचलून पाठ धरते म्हणून गोळ्या घेतो म्हणे. बोलता बोलता मध्येच पोटावर हात दाबून धरत होता. परीक्षेची धास्ती असणार. मलाही बारावीला पोटात असंच व्हायचं.

आप्पा मागून ओरडून विचारत होते, "पास हुशील न्हवं?" तो म्हणाला, "व्हय आप्पा." मग मला म्हणाला, "ताई, हितल्या कागदावर घरचा नंबर म्हनून तुझाच दिलाय. इंग्रजी तुलाच येतं." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार
पास झाला! आमचा सौरभ पास झाला!

क्लास चालू असताना बाहेरच्या देशातला नंबर दोनदा वाजून गेला, फोन मुका ठेवला होता. सुटल्यावर बघितलं तर मेसेज. त्याच्या सेवाघरातल्या मॉयराबाईंचा. त्या तिथल्या मुख्य. 'सौरभ पास्ड आऊट धिस मॉर्निंग. दे हॅव टेकन हिम इन. ही विल रिंग यू व्हेन ही कम्स राउंड. प्लीज डोन्ट वरी.'

पोरं जिना उतरत होती, तशीच परत बोलावली आणि मेसेज वाचून दाखवला. सौरभ आज सकाळी पासआऊट झाला. त्यांनी त्याला घेतलं, म्हणजे कायम केलं. मोकळा होऊन आला की तो फोन करेल. 'कम राउंड' मी कधी वापरलेलं नाही, पण पुढच्या-मागच्या वाक्यावरून लागतंच. सिद्धूनं टाळ्या वाजवल्या.

फक्त शेवटचं 'काळजी करू नका' कशाला, ते कळलं नाही. परदेशी लोकांची रीत असेल.

मी लगेच उत्तर पाठवलं: 'थँक यू सो मच! वी आर सो हॅपी!' पुढं फुगे, फटाके, नाचणारी बाई, हाताला लागलं ते सगळं. बऱ्याच वेळानं त्यांचं उत्तर आलं. 'ओह. ओके.' एवढंच. थंड देशातली माणसं.

आप्पांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परत सांग." परत सांगितलं. "अजून एकदा सांग."

२२ जानेवारी, बुधवार
सौरभचा फोन बंद. झोपला असेल, मित्रांनी पार्टी मागितली असेल. चार्जरचं त्याचं नेहमीचंच आहे.

आप्पांनी पेढे वाटले, थेट माळेगावच्या कारखान्यावर जाऊन. ऊस घालायला आलेले ट्रॅक्टरवाले, काट्यावरची माणसं, कुणाला सोडलं नाही. आईनं पेढा खाल्ला नाही म्हणे. मला फोनवर म्हणाली, "त्येचा आवाज ऐकल्याबिगर मला ग्वाड लागत न्हाय."

मी चिडले. तुला चांगली बातमीसुद्धा चांगली वाटत नाही, म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार
चुलतभाऊ रणजितदादानं वरकुट्याच्या चौकात फ्लेक्स लावला. सौरभचा कोट घातलेला फोटो (कोट संगणकावर चढवलेला), वर 'आयर्लंड येथे पासआऊट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली कोपऱ्यात मी! 'मार्गदर्शक भगिनी, संचालिका, उत्कर्षा स्पोकन इंग्लिश, बारामती'.

तो फोटो फिरत फिरत बारामतीत आला. आज क्लासला उभं राहायला जागा नव्हती. भिगवणच्या पोराला बापानं स्वतः आणून सोडलं. एक बाई तर म्हणाल्या, "माझ्या भाच्याला पन असंच बाहेर घालवा." मी 'नाही' म्हणाले नाही. हसले.

सौरभचा फोन अजून बंद. मॉयराबाईंना 'हाऊ इज सौरभ?' विचारलं, त्यांनी वाचलेलं दिसत नाही. एवढं सगळं चांगलं चाललंय आणि मी खोलीत नुसती येरझाऱ्या घालते आहे. आईचं वारं लागलं मला. माळेगावहून सौरभसाठी स्थळ येतंय रविवारी. आप्पांनी मला घरी यायला बजावलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार
आज हे वहीतच लिहिते. कुणापाशी बोलू?

दुपारी संध्याकाळच्या क्लासची तयारी करत होते. म्हटलं, आज 'पास'ची सगळी शेपटं घेऊ. पास ऑन, पास बाय, पास आऊट. फोनवर शब्दकोश उघडला. पास आऊट: शुद्ध हरपणे, मूर्च्छा येणे. उदाहरण: उन्हात उभा राहून शिपाई पास आऊट झाला.

पहिल्यांदा वाटलं, शब्दकोश चुकलाय. आपण सगळेच म्हणतो की, मी अमुक सालची पासआऊट. मग 'कम राउंड' बघितलं. शुद्धीवर येणे.

मेसेज काढला आणि परत वाचला. तेच शब्द, तेच. फक्त माणूस आता जमिनीवर पडला होता.

त्याच्याखाली माझं उत्तर. फुगे. नाचणारी बाई.

मी काय करून बसले.

मॉयराबाईंना फोन लावला. तिथं सकाळ होती. त्या दोन दिवस रजेवर होत्या, आजच आल्या होत्या. फार भरभर बोलत होत्या, निम्मे उच्चार कळत नव्हते. हॉस्पिटल कळलं, रक्त कळलं, 'स्टेबल' कळलं. मी 'प्लीज रिपीट', 'प्लीज रिपीट' म्हणत राहिले. शेवटी त्या थांबल्या आणि अगदी सावकाश, लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुमच्या घरात इंग्रजी येणारं कुणी आहे का?"

मी म्हटलं, "येस. आय टीच इंग्लिश."

मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तो जिवंत आहे, शुद्धीवर आहे, रक्त चढवलंय. त्याचा फोन कामाच्या ठिकाणी कपाटात राहिला होता. आज त्या स्वतः नेऊन देतील. त्या मला रागवल्या नाहीत. तुमचं उत्तर वाचून मी घाबरले होते, एवढंच म्हणाल्या.

आज क्लास घेतला नाही. पोरं खाली गाड्यांचे हॉर्न वाजवून निघून गेली.

२५ जानेवारी, शनिवार
सौरभ बोलला. आवाज इतका बारीक की मी फोन कानात घुसवला.

"ताई, परीक्षा झालीच न्हाय गं. सकाळी एका आजीला खाटंवरनं उठवत हुतो, तेवढंच आठवतंय."

पाठीच्या गोळ्या रिकाम्या पोटी खाऊन पोटात जखम झाली होती, आतल्या आत रक्त जात होतं. शौचाला काळं होत होतं म्हणे. मी म्हटलं, तू नर्स ना रे, तुला कळलं नाही? म्हणाला, "कळत हुतं. परीक्षा झाली की दाखवू म्हनलं."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "तू नको रडू, तुझं रडनं ऐकून मला हसू येतंय, टाके न्हायत पन दुखतंय." मग तोच रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "मला हितं न्हाय राहायचं, ताई. पयल्या महिन्यापास्नं न्हाय राहायचं. कुनाशी बोलायला न्हाय, दिवसा अंधार. यायचंच ठरवलं हुतं मी. पन आता फोन चालू केला तर रणजितदादानं बोर्डाचा फोटो पाठवलेला. समद्या गावाचं अभिनंदन. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आप्पांना काय सांगू नको," तो म्हणाला. "फोन बिघडला हुता म्हन. पुढच्या खेपंला परीक्षा देतो, खरंच पास हुतो. मग तू खोटी ठरनार न्हाईस."

त्या अवस्थेतही तो मलाच वाचवायला बघतोय.

आणि मी? खरं लिहायचं म्हणून ही वही. फोन ठेवल्यावर मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. त्यानंच सांगू नको म्हटलंय. क्लास भरलाय. कुणाला कळणार? संध्याकाळी नवीन पोरांनी 'म्याडम, भावाचा मेसेज दाखवा' म्हटलं, आणि मी दुसरा विषय काढला.

आईला फोन केला. सौरभशी बोलले, फोन बिघडला होता, सांगितलं. म्हणाली, "मंग आता मला लावून दे." म्हटलं, झोपलाय. तिनं फोन ठेवून दिला. ती काही म्हणाली असती तर परवडलं असतं.

२६ जानेवारी, रविवार. वरकुटे
सकाळी शाळेत झेंडावंदनाला माईकवर सौरभचं नाव घेतलं. आप्पा पांढरे कपडे, फेटा बांधून पहिल्या रांगेत. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी मागं वळून मला शोधलं.

अकराच्या सुमाराला माळेगावची मंडळी आली. मुलीचे वडील बापूसाहेब, त्यांची आई बनाबाई आणि एक मामा. चहा झाला, ऊस, पाणी, कारखान्याचा भाव झाला. बापूसाहेब म्हणाले, "पोरगं तिथंच कायम ऱ्हानार म्हना की."

"म्हंजी काय!" आप्पा म्हणाले. "त्यांनी सोताहून घेतलंय. मोठ्या बाईचा मेसेज हाय. उत्कर्षा, वाच गं. आधी इंग्रजीत वाच, मंग आमच्यासाठी मराठीत."

मी आत जायचं बघितलं. "आगं वाच की, लाजतीस काय?"

आई उंबऱ्यात उभी होती, हातात पोह्यांचं ताट. ती माझ्याकडंच बघत होती.

मी फोन काढला. इंग्रजीत वाचलं. मामा मान हलवत होते. मग मी मराठीत सांगितलं. "सौरभ आज सकाळी चक्कर येऊन पडला. त्याला दवाखान्यात दाखल केलंय. शुद्धीवर आला की तो फोन करेल. काळजी करू नका."

आप्पा हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करते. "नीट वाच," म्हणाले.

"नीटच वाचलंय, आप्पा. मंगळवारी चुकीचं वाचलं होतं."

मग सगळं सांगितलं. पोट, रक्त, परीक्षा झालीच नाही हे, शुक्रवारी मला कळलं हे, आणि काल मी आईशी खोटं बोलले तेही. सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

आप्पांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "म्हंजी त्यो तितं पडला हुता," ते म्हणाले, "आन मी हितं पेढं वाटत हुतो."

बापूसाहेब चपला शोधायला लागले. तेवढ्यात बनाबाई म्हणाल्या, "आरं बस की. लगीन ऱ्हाऊ दे, पोरगं कसं हाय ते तर इचारा. खातंय का काय आता?"

आईनं ताट खाली ठेवलं. तिच्या हातून पडलं नाही, तिनं ते नीट ठेवलं आणि माझ्यापुढं येऊन म्हणाली, "लाव फोन."

सौरभनं उचलला. आई म्हणाली, "सौरभ, काय खाल्लंस?" त्यानं काहीतरी सांगितलं. "आन रातीला?" बराच वेळ ती फक्त खाण्याचंच विचारत होती. फोन आप्पांकडं दिला तर आप्पा उठून रानात निघून गेले.

२७ जानेवारी, सोमवार
रणजितदादानं फ्लेक्स उतरवला. मी पहाटेच्या एसटीला उभी होते तेव्हा तो शिडीवर होता. माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे, चौकात लोक त्यालाच हसणार.

आप्पा माझ्याशी बोललेले नाहीत. निघताना पाया पडले तर पाय मागं घेतले नाहीत, एवढंच.

२९ जानेवारी, बुधवार
क्लासमध्ये सांगितलं. बोर्डावर दोन्ही अर्थ लिहिले. पासआऊट आपल्याकडं काय, तिकडं काय. मग ते कुणाच्या बाबतीत घडलं, आणि मी काय उत्तर पाठवलं. फुगेसुद्धा सांगितले.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "म्हंजी आमाला पन काय काय चुकीचं शिकवलं आसंल की."

म्हटलं, "असेल. सापडेल तसं सांगेन."

फ्लेक्स बघून आलेले बरेच जण उठून गेले. भिगवणच्या पोराचा बाप खालीच उभा होता, त्यानं पोराला हाक मारली. सिद्धू बसून राहिला. त्याला पुढच्या आठवड्यात सुपरवायझरची मुलाखत आहे. जायला दुसरा क्लास नाही म्हणून बसला असेल. उरलेल्यांना घेऊन 'टर्न'ची शेपटं शिकवली. प्रत्येक अर्थ आधी बघून ठेवला होता, तरी शिकवताना मध्येच परत शब्दकोश उघडून बघत होते.

३१ जानेवारी, शुक्रवार
सौरभला घरी सोडलं, म्हणजे त्याच्या तिथल्या खोलीवर. मॉयराबाई सूप घेऊन गेल्या होत्या. यायचं काय ठरवलंस, विचारलं, तर म्हणाला, "आप्पा बोललं का?" नाही म्हटलं. "मंग कसं ठरवू?"

गावाला सगळं कळलंय, फ्लेक्स उतरलाय, आता तुला कुणाची लाज, असं मी समजावत बसले. त्याला ते नकोच होतं. त्याला वाट हवी होती ती दुसरीकडूनच.

२ फेब्रुवारी, रविवार. वरकुटे
घरी जावं की नाही, या घोळात दोन एसट्या सोडल्या. शेवटी गेले.

आप्पा डाळिंबाच्या बागेत होते. छाटणी चालू आहे. मी बांधावर जाऊन उभी राहिले. त्यांनी बघितलं, पुन्हा कात्री चालवायला लागले. पायाखाली काटेरी फांद्यांचा ढीग. थोड्या वेळानं कात्री न थांबवता म्हणाले, "त्येला फोन लाव."

मी लावला. सौरभ 'हॅलो' म्हणाला, तसा फोन आप्पांच्या पुढं धरला, त्यांच्या हातात कात्री होती. मला वाटलं, आता बोलणार, परीक्षेचं, गावाचं, काहीतरी कडक.

"सौरभ," आप्पा म्हणाले, "छाटनी काढलीय."

"व्हय आप्पा."

"मानूस मिळंना. माझा खांदा धरतोय. जमत आसंल तर येतोस का?"

तो म्हणाला, "येतो आप्पा."

"डागदराला इचारून ये. घाई न्हाय," आप्पा म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं वळले.

बागेच्या पलीकडच्या टोकाला कुशाबाईंची मजुरांची अख्खी टोळी छाटलेल्या फांद्या गोळा करत होती. आप्पांचा उजवा हात खांद्याच्याही वर, शेंड्यापर्यंत पोचत होता. दुसरी कात्री बांधावर पडली होती, ती उचलली आणि त्यांच्या शेजारच्या ओळीला लागले.